रेपो दर जाहीर झाला, पुढे काय?

पतधोरणाच्या दिवशी सकाळी दहाला गव्हर्नर रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचं कर्ज ज्या व्याजाने देते तो) सांगतात आणि तासाभरात गृहकर्जाचा हप्ता किती घटणार याची गणितं व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. दर ठरवण्याबद्दल भरपूर बोललं जातं. तो दर बाजारात टिकवण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते रिझर्व्ह बँकेचं रोजचं अवघड काम तेच आहे.

चौकट थोडक्यात अशी. २०१६ पासून कायद्यानेच महागाईचं लक्ष्य ठरलेलं आहे: ४ टक्के, दोन टक्के खाली-वर चालेल. निर्णय सहा जणांची समिती घेते, तिघे रिझर्व्ह बँकेचे आणि तिघे बाहेरचे. मतं समान पडली तर गव्हर्नरांचं मत निर्णायक. सलग तीन तिमाह्या सरासरी महागाई ६ टक्क्यांच्या वर (किंवा २ टक्क्यांखाली) राहिली, तर कारणं आणि उपाय सरकारला लेखी कळवावे लागतात. २०२२ मध्ये ती वेळ आली. त्या वर्षी मे महिन्यात ४ टक्क्यांवर असलेला रेपो फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० टक्क्यांवर गेला.

आता रोजचा व्यवहार बघा. बँका एकमेकींना एका रात्रीपुरते विनातारण पैसे देतात, तो कॉल मनी बाजार. तिथला सरासरी दर रेपोच्या जवळपास ठेवायचा, हे रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट. त्यासाठी वर-खाली दोन कुंपणं आहेत. ज्या बँकेकडे पैसे उरलेत ती ते एसडीएफमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव सुविधेत, ठेवते, रेपोपेक्षा पाव टक्का कमी व्याजाने. ज्या बँकेला कमी पडतात ती एमएसएफमधून, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या तातडीच्या कर्ज सुविधेतून, उचलते, पाव टक्का जास्त देऊन आणि सरकारी रोखे तारण ठेवून. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ५.२५ टक्के झाला, म्हणजे खालचं कुंपण ५.०० आणि वरचं ५.५०. एसडीएफ २०२२ मध्ये आली. त्याआधी रिव्हर्स रेपो होता, पण त्यात पैसे घेताना रिझर्व्ह बँकेला रोखे द्यावे लागायचे. एसडीएफमध्ये तारण नाही, त्यामुळे कितीही पैसा आत ओढता येतो.

बँकेला रोकड लागते मुख्यतः सीआरआरसाठी, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावाच लागतो त्यासाठी. समजा एखाद्या बँकेकडे ठेवी आणि इतर देणी मिळून १ लाख कोटी आहेत. ३ टक्के सीआरआरने पंधरवड्याची सरासरी ३,००० कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडे ठेवायला हवी, आणि कुठल्याही दिवशी त्याच्या ९० टक्क्यांहून, म्हणजे २,७०० कोटींहून, कमी चालत नाही. कमी पडले तर बँक रेटवर (रिझर्व्ह बँकेचाच आणखी एक दर) ३ टक्के जादा दंडव्याज, दुसऱ्या दिवशीही तीच गत राहिली तर ५ टक्के. त्यामुळे रोकड आटली की बँका घायकुतीला येतात आणि कॉलचा दर रेपोला न जुमानता वर चढतो.

रोकड आटते कशी? १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला आगाऊ कर भरला जातो, दर महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास जीएसटी. तो पैसा बँकांतून उठून सरकारच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात जातो आणि सरकार खर्च करेपर्यंत तिथेच पडून राहतो. दिवाळीत लोक नोटा काढतात. आणि रुपया सावरायला रिझर्व्ह बँक डॉलर विकते, तेव्हा बदल्यात आलेले रुपये चलनातून बाहेर जातात. हे तिसरं कारण बातम्यांत हमखास राहून जातं.

जानेवारी २०२५ मध्ये हे सगळं एकदम जुळून आलं. बँकांकडच्या रोकडीची तूट ३ लाख कोटींच्या पुढे गेली. सीआरआर त्याआधीच्या डिसेंबरमध्येच साडेचारवरून चार टक्क्यांवर आणला होता, तोही पुरला नाही. मग रोजचे रेपो लिलाव, म्हणजे बँकांना बोली लावून मिळणारं अल्पमुदतीचं कर्ज, सुरू झाले. २७ जानेवारीला आणखी घोषणा आल्या: ६०,००० कोटींची रोखेखरेदी, ५६ दिवसांचा रेपो लिलाव आणि ५ अब्ज डॉलरचा सहा महिन्यांचा स्वॅप (आत्ता डॉलर घेऊन रुपये द्यायचे, मुदतीनंतर उलट). रेपो घटला तो त्यानंतर, ७ फेब्रुवारीला. क्रम लक्षात घ्या. आधी पैसा सोडला, मग दर कापला. उलट केलं असतं तर कपात कागदावरच राहिली असती.

रिझर्व्ह बँक या व्यवहारांचा तक्ता रोज संकेतस्थळावर टाकते. त्यात निव्वळ रोकड पुरवठ्याच्या आकड्यापुढे अधिक चिन्ह दिसलं, की बाजारात मुबलक पैसा आहे असं अनेक जण समजतात. अर्थ नेमका उलटा आहे: अधिक म्हणजे रिझर्व्ह बँकेला पैसा ओतावा लागतोय, तूट आहे. उणे असेल तर बँकांकडे जास्तीचा पैसा पडून आहे. सोबत कॉलचा सरासरी दर रेपोशी ताडून पाहिला की धोरण खरोखर सैल आहे की आवळलेलं, हे गव्हर्नरांच्या भाषणापेक्षा लवकर कळतं.

कर्जदारासाठी एवढंच: ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या दराची किरकोळ कर्जं बाह्य दराला, बहुधा रेपोलाच, जोडलेली असतात आणि दर निदान तीन महिन्यांतून एकदा बदलावा लागतो. बऱ्याचदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते, म्हणून कपात ‘पोचली नाही’ असं वाटतं.

बँक बुडायला लागली की प्रश्न वेगळा होतो. रोकड तात्पुरती अडलेल्या बँकेला रिझर्व्ह बँक कर्ज देऊन तारू शकते. ताळेबंदालाच भगदाड पडलेलं असेल तर कर्जाने ते बुजत नाही, भांडवलच लागतं. येस बँकेवर ५ मार्च २०२० ला निर्बंध आले, स्टेट बँक आणि इतरांनी भांडवल घातलं, १८ मार्चला निर्बंध उठले. पीएमसी बँकेत सप्टेंबर २०१९ मध्ये सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती, आणि विलीनीकरणाला जानेवारी २०२२ उजाडलं. ५ लाखांवरच्या ठेवी तर दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने परत मिळणार होत्या. कर्जाचा मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेला होता, शिवाय सहकारी बँकेत ‘एक सभासद, एक मत’ असल्यामुळे बाहेरचा गुंतवणूकदार सहसा फिरकत नाही.

ठेव विमा फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. म्हणजे पाच लाखांची एफडी केली तर व्याज विम्याबाहेर. एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतली रक्कम एकत्र धरतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे मिळायला हवेत. सहकारी बँका यात येतात, पतसंस्था येत नाहीत, मग त्यांच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो. संयुक्त खात्यांत नावांचा क्रम वेगळा असेल, एकात नवरा आधी आणि दुसऱ्यात बायको आधी, तर दोन्हींना स्वतंत्र ५ लाखांचं संरक्षण मिळतं.