वर्कर नोडचं अपग्रेड, मासेमारीबंदीच्या दिवसांत

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावरच्या मासळीची आणि बर्फाची बिलं आमच्या कुबरनेटीज क्लस्टरवर (अनेक मशीनवर मिळून प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेवर) निघतात. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद, म्हणून तिन्ही वर्कर नोड (प्रत्यक्ष काम करणारी मशीन) कुबरनेटीज १.३० वरून १.३१ वर न्यायला हेच दिवस धरले. पण कोकणातल्या पावसात लाईटचा भरवसा नाही. इन्व्हर्टर भरलेला असल्याशिवाय नोडला हात लावला नाही, आणि एका वेळी एकच घेतला.

कंट्रोल प्लेन, म्हणजे क्लस्टरचा मेंदू, आधी. कुबेलेट (प्रत्येक नोडवरचा एजंट) कंट्रोल प्लेनमधल्या एपीआय सर्व्हरपेक्षा नवा चालत नाही. मागे मात्र तीन मायनर आवृत्त्यांपर्यंत (१.३० ते १.३१ ही एक) राहिला तरी चालतो. त्यामुळे काम अर्ध्यावर थांबलं तरी घाई नसते.

उबुंटूवर प्रत्येक मायनर आवृत्तीचा रेपो (पॅकेजचा साठा) वेगळा. अ‍ॅप्टच्या फाइलीत १.३० चं १.३१ केलं नाही, तर अपडेट निमूट होतं आणि नवं पॅकेज दिसतच नाही. मग होल्ड (पॅकेजची आवृत्ती बदलू न देणारी खूण) काढून अपग्रेडचं साधन म्हणजे नवं कुबअ‍ॅडम, पुन्हा होल्ड, आणि 'कुबअ‍ॅडम अपग्रेड नोड'. वर्करवर ही कमांड कुबेलेटचं कॉन्फिगरेशन तेवढं बदलते.

खरा वेळ खातो तो ड्रेन, म्हणजे नोडवरचे पॉड (प्रोग्रामच्या चालू प्रती) दुसरीकडे हलवणं. 'इग्नोर डिमनसेट्स' लागतंच, कारण डिमनसेटचे पॉड नोडनोडवर असतात, ते हलत नाहीत. बिलांच्या सर्व्हिसच्या प्रती दोन आणि डिसरप्शन बजेटमध्ये (किती प्रती चालूच राहायला हव्यात त्या मर्यादेत) किमान उपलब्धही दोनच. मग पॉड हलणार कसा? दर पाच सेकंदांनी तोच नकार येत राहतो. प्रती तात्पुरत्या तीन केल्या की ड्रेन पुढे सरकतो. इथे 'डिसेबल इव्हिक्शन' लावणं म्हणजे ते बजेटच धाब्यावर बसवणं. 'डिलीट एम्प्टीडिर डेटा' लावण्याआधी त्या जागेत (पॉडच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये) कोण काय ठेवतंय ते पाहावं, कारण ते जातंच. लोकल व्हॉल्यूमवरचा (त्याच नोडच्या डिस्कवरचा) डेटाबेस दुसऱ्या नोडवर जाऊच शकत नाही, अनकॉर्डन (नोड पुन्हा पॉड घ्यायला खुला) होईपर्यंत पेंडिंग राहतो. तो नोड रात्रीसाठी ठेवला.

पुढचं सोपं: कुबेलेट आणि कुबसीटीएल (क्लस्टरला आज्ञा द्यायचं साधन) बसवायचं, डिमन-रीलोड, कुबेलेट रीस्टार्ट. नोड 'नॉट रेडी' राहिला तर आधी कुबेलेटचा जर्नल (लॉग) वाचावा. एफएसटॅबमध्ये (बूट होताना डिस्क जोडायच्या यादीत) राहून गेलेला स्वॅप (मेमरीला जोड म्हणून वापरायची डिस्कची जागा) मशीन रीबूट झाल्यावर हमखास आडवा येतो.

अनकॉर्डननंतर पॉड आपणहून परतत नाहीत. शेवटचा नोड जवळजवळ रिकामा राहतो. मोठ्या डिप्लॉयमेंटना (एकाच प्रोग्रामच्या पॉडच्या गटांना) 'रोलआउट रीस्टार्ट' दिला की भार बराचसा वाटला जातो.