खांदे न शेकलेला पोळा

पोळ्याच्या करीच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी ओस असते. यवतमाळ जिल्ह्यातील ज्या केंद्रावर मी वैद्यकीय अधिकारी होतो, तेथेही त्या सकाळी दारूच्या नशेत पडून खरचटलेले दोघेतिघे सोडले तर कोणी नव्हते. अकराच्या सुमारास एक शेतकरी आपल्या धाकट्या भावाला दंडाला धरून घेऊन आला आणि म्हणाला, "सायेब, यानं औंदा बैलाईचे खांदेच शेकले नाई."

पोळ्याच्या आदल्या दिवशी हळदतुपाने बैलांचे खांदे शेकून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असे त्यांना निमंत्रण देतात. चाळिशीतल्या या माणसाने ते प्रथमच चुकवले होते. ज्यात जीव रमत होता त्यातून मन उठणे हे नैराश्याचे प्रमुख लक्षण आहे. ते इतक्या नेमकेपणाने मला कोणी सांगितले नव्हते.

गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारायचे ठरावीक नऊ प्रश्न मी विचारले. २७ पैकी २१ गुण आले, म्हणजे नैराश्य तीव्र होते. मरणाचा विचार येतो का, हेही स्पष्ट विचारले. तो बऱ्याच वेळाने म्हणाला, "मराव वाट्टे, पण त्यासाठी बी उठा लागते ना जी." दोन हंगाम बोंडअळीने खाल्लेले, बँकेचे कर्ज थकलेले. आमच्या जिल्ह्यात या कहाणीचा साचा तयारच असतो आणि मीही त्याला त्यात बसवून औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.

तेवढ्यात रक्तदाब मोजणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "सर, या उकाड्यात यांनी स्वेटर घातलाय." मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिले. चेहरा सुजकट, त्वचा कोरडी, आवाज घोगरा, नाडी ५४. टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली तेव्हा पाऊल झटक्याने खाली गेले, परत येताना मात्र रेंगाळले. थायरॉइड मंदावल्याची ही खूण मी विद्यार्थिदशेत पाठ केली होती आणि समोर बसलेल्या माणसात पाहायची विसरलो होतो. चौथ्या दिवशी अहवाल आला. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारे संप्रेरक, जे साधारण पाचच्या आत असावे, ते ७८ होते.

थायरॉइडचे कमी पडलेले संप्रेरक भरून काढणारी थायरॉक्सिनची गोळी सुरू केली. मोठ्या भावाला मी आणखी एक गोष्ट बजावली होती: फवारणीच्या बाटल्या त्याच दिवशी स्वतःच्या घरी नेऊन कुलपात ठेवायच्या, कारण उपचारात कधी कधी अंगातले बळ आधी परतते आणि निराशा मागाहून जाते, आणि तो मधला काळ धोक्याचा असतो.

सहा आठवड्यांनी चेहऱ्याची सूज उतरली होती, बोलण्याला गती आली होती. पण मन तेथेच होते. "मी कामचुकार झालो जी. बायको निंदणाले जाते अन् मी खाटेवर," असे तो म्हणाला तेव्हा मला गुंता उलगडला. शरीर मंदावले म्हणून कामे राहिली, आणि राहिलेल्या कामांचा अर्थ त्याने स्वतःचा नाकर्तेपणा असा लावला. हॉर्मोन भरून आले, तरी मधल्या महिन्यांत स्वतःविरुद्ध दिलेला निकाल त्याने मागे घेतला नव्हता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी ज्या तीन दिशांनी नैराश्याचे विचार धावतात असे मांडले, त्या स्वतः, जग आणि भविष्य या तिन्ही दिशा त्याच्या बोलण्यात होत्या. शिवाय त्याचे वडील दोन वर्षे ओसरीत भिंतीकडे तोंड करून निजत असत, हे त्या दिवशी प्रथमच कळले. जुळ्यांच्या अभ्यासांत नैराश्याच्या प्रवणतेतील आनुवंशिक वाटा सुमारे ३७ टक्के आढळला आहे. म्हणजे वारसा असतो, पण उरलेला मोठा भाग जगण्यातून येतो.

पूर्वी मी रुग्णांना "मेंदूतले सेरोटोनिन कमी झाले आहे" असे सांगून मोकळा होत असे. वाक्य सोयीचे आहे, परंतु नैराश्यावरचे औषध सेरोटोनिनवर काही तासांतच परिणाम करते आणि मन उभारी धरायला दोन ते चार आठवडे लागतात, याचे उत्तर त्यात नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यालाही या कमतरतेचा सुसंगत पुरावा सापडला नाही. औषधाचा उपयोग होतो, म्हणून मी ते त्यालाही सुरू केले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकातील मानसशास्त्रज्ञांनी त्याला रोज एकच काम नेमून दिले: बैलांना पाण्यावर नेणे, मन असो वा नसो.

दिवाळीनंतर मोठा भाऊ एकटाच गोळ्या न्यायला आला. बैल पाण्यावर जात होते, असे त्याने सांगितले. मग दाराशी थांबून विचारले, "सायेब, हे कर्जानं झालं का थायरॉइडनं?" दोन्ही कसे एकात एक गुंतले हे मी बराच वेळ समजावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. "एकच काईतरी सांगा ना जी, घरी सांगाले बरं," तो म्हणाला, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच ठरवून टाकले, "थायरॉइडच सांगतो." मी हरकत घेतली नाही. फक्त दुसरी गोळीही बंद करायची नाही, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतले.