बटाट्याच्या चकत्या

सोमवारी सकाळी फोन आला तेव्हा मॅडमचा आवाज चढलेला होता. "तुमच्या कुंड्यांतली चिलटं आता लोकांच्या चहात पडायला लागलीत. काहीतरी करा, नाहीतर सगळी झाडं उचलून न्या."

हिंजवडीतल्या त्या ऑफिसमधल्या 48 कुंड्या तीन वर्षांपासून माझ्याकडे आहेत. अरेका पाम, पीस लिली, मनी प्लांट, स्नेक प्लांट. जुलैचा पाऊस, खिडक्या बंद, एसी दिवसभर चालू. फवारणीवाले दोनदा येऊन गेले होते. फवारलं की दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पुन्हा कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर चिलटं हजर. व्हायचंच होतं तसं. उडणारं चिलट जेमतेम आठवडाभर जगतं, पण तेवढ्यात मादी ओल्या मातीत शे-दीडशे अंडी घालू शकते. अंड्यापासून चिलट व्हायला तीन-चार आठवडे लागतात आणि तो सगळा काळ मातीत जातो. हवेत मारलेलं औषध तिथे पोचत नाही.

मॅडमनी मला थेट सांगितलं, "ही बाई पाणी जास्त घालते." हाऊसकीपिंगच्या मावशी तिथेच, हातात फडकं घेऊन उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

नेमक्या कोणत्या कुंडीत पैदास आहे हे डोळ्यांना दिसत नाही. चिलटं उठतात एकीकडून, बसतात भलतीकडे. म्हणून संध्याकाळी बटाट्याच्या पाव इंच जाड चकत्या केल्या आणि प्रत्येक कुंडीत एक, मातीला चिकटेल अशी दाबून ठेवली. अळ्या ओलाव्याला आणि बटाट्याला येतात.

बुधवारी ऑफिस भरायच्या आत पोचलो. मावशी झाडू बाजूला ठेवून माझ्याबरोबर फिरायला लागल्या. पहिल्या आठ-दहा चकत्या कोऱ्या निघाल्या, नुसत्या काळवंडलेल्या. मग खिडकीजवळच्या अरेका पामची उलटली. भिंग धरलं तर खालची बाजू हलत होती. दोऱ्याएवढ्या बारीक अळ्या, अंग काचेसारखं, आत खाल्लेल्याची काळी रेघ दिसतेय आणि टोकाला चकचकीत काळं डोकं. मावशींना भिंग दिलं. "बाई गं," म्हणाल्या, "आणि मी रोज ह्यांनाच पाणी पाजत होते?"

मी विचारलं, रोज का घालता? त्या हळूच म्हणाल्या, "दादा, झाड सुकलं तर पगारातून कापू, असं सुपरवायझरनं सांगितलंय."

48 पैकी 17 चकत्यांवर अळ्या निघाल्या. मी वहीत खुणा करत होतो आणि शेवटची खूण करताना हात थांबला. या त्याच 17 कुंड्या होत्या, ज्यांत जूनमध्ये मी नवं कंपोस्ट घातलं होतं. मावशींचं पाणी सगळ्या कुंड्यांना सारखंच होतं. मी गाडीतून उरलेली गोणी काढून आणली. तळाशी हात घातला तर खत अजून कोमट, काड्या न कुजलेल्या, वास आंबूस. पिकलेल्या खताला मातीचा वास येतो. घाईत घेतलं होतं, गोणी उघडून हुंगायचंही राहिलं होतं. अर्धवट कुजलेलं खत म्हणजे बुरशीचं घर, आणि या अळ्या जगतात बुरशीवर आणि कुजक्या काडीकचऱ्यावर. फार झाल्या की कोवळ्या मुळ्याही सोडत नाहीत.

मॅडमकडे गेलो आणि वही समोर ठेवली. सांगितलं, चूक माझ्या खताची आहे, पैसे घेणार नाही. पगाराचंही सांगितलं. त्या वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुपरवायझरला मी बोलवते."

त्या दिवशी दुपारपर्यंत 17 कुंड्यांची वरची दोन-तीन इंच माती काढून पिशव्यांत बांधली. कुंड्या ज्यांत ठेवल्या होत्या त्या शोभेच्या भांड्यांत चार-चार बोटं पाणी साचलेलं, ते ओतलं. वर जाड वाळूचा थर दिला. पिवळे चिकट सापळे मातीलगत लावले. ते उडणारी धरतात, पण माझ्यासाठी त्यांचा खरा उपयोग मोजणीचा. पाण्यातून बीटीआय दिलं, डासांच्या अळ्यांसाठी साचलेल्या पाण्यात टाकतात तोच जिवाणू. अळीने तो खाल्ला तरच काम होतं, अंड्यांवर आणि कोषांवर काही होत नाही, म्हणून दर आठवड्याला एकदा, असं तीनदा द्यावं लागलं.

मावशींना वाफसा, म्हणजे माती ओलसर पण बोटाला न चिकटणारी, हे सांगायला गेलो तर हसल्या. माहेरी कांदा करायचे, त्यांना तो शब्द माझ्याआधीपासून माहीत होता. कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं, माती चिकटली तर पाणी नाही, एवढंच ठरलं. स्नेक प्लांटला पाणी पंधरा दिवसांनी.

पहिल्या आठवड्यात अरेकाजवळच्या सापळ्यावर मोजायला जागा नव्हती. चौथ्या आठवड्यात नव्या सापळ्यावर तीन चिलटं होती. पीस लिलीची दोन झाडं मात्र गेली, मुळं सडलेली निघाली. त्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत. नव्या गोणीतलं खत माझ्या गच्चीवर पसरून ठेवलंय, रोज सकाळी मूठभर उचलून हुंगतो.