पोटमाळ्यावरची बेसबॉल बॅट: शिक्का वाचून झाला, किंमत बाकी

लांबी ३४ इंच, म्हणजे ८६ सेंमी. वजन ३३ औंस, साधारण ९३५ ग्रॅम. लाकूड ॲश झाडाचं. भरवसा लांबीवर ठेवायचा; लाकूड वाळत जातं, त्यामुळे कारखान्यातून निघताना ती थोडी जडच असणार.

मधला शिक्का दिवसाउजेडी वाचताच येत नव्हता. खोलीत अंधार करून टॉर्च लाकडाला जवळपास टेकवून आडवा धरला, तेव्हा सावलीत 'हिलरिच अँड ब्रॅड्सबी' उमटलं. अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या या बॅट बनवणाऱ्या कंपनीचं हे नाव १९१६पासूनचं, त्याआधी 'जे. एफ. हिलरिच अँड सन'. शेजारी 'पॉवराइज्ड' आहे. हा शब्द कंपनीच्या शिक्क्यात १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आला. म्हणजे 'पणजोबांची, १९१०ची' ही घरातली गोष्ट बाद.

जाड टोकावर बेब रूथ या गाजलेल्या अमेरिकन बेसबॉलपटूची सही कोरलेली. इथेच बहुतेक जण फसतात, बॅट त्यानेच वापरलेली समजतात. खेळाडूच्या नावाच्या बॅटी दुकानात सर्रास विकल्या जायच्या. शिक्क्यातला '१२५' आकडाही दुकानी मालावर सापडतो, त्यामुळे तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. निकाल लागतो तो मुठीच्या बुंध्यावर, म्हणजे धरायच्या टोकाच्या गोल गुंडीवर. या बॅटीवर तिथे नुसता '३४' मारलाय, म्हणजे गिऱ्हाइकाला सांगायची लांबी. म्हणजे दुकानी बॅट. तरी अंगावर मेणाच्या पेन्सिलीचं पुसट लिखाण शोधलं: खेळाडूने परत पाठवलेल्या बॅटीवर कारखान्यात नाव-तारीख लिहीत. काही नाही.

मुठीवर एक बारीक भेग आणि जुनी चिकटपट्टी. पट्टी काढायची नाही. डिंकाबरोबर वरचा थर निघतो आणि खाली भेग किती लांब गेलीय तेही आत्ता कळत नाही, ती तशीच नोंदवायची. पॉलिशपेपर आणि जवसाचं तेल तर लांबच ठेवा. एकदा घासलं की शिक्का उथळ होतो, आणि घेणारा आधी तोच बघतो.

किमतीसाठी मागितलेले आकडे बघायचे नाहीत, विकले गेलेले बघायचे: हाच शिक्का, हेच नाव, अशीच भेग. रूथने १९२३मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममधला पहिला होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) ज्या बॅटीने मारला ती २००४मध्ये १२ लाख ६५ हजार डॉलरला गेली. त्या आकड्याचा इथे काडीचा उपयोग नाही. ही काहीशे डॉलरांची वस्तू. अस्सलपणाच्या प्रमाणपत्राची फी भरण्याआधी शिक्का, सही, बुंधा आणि भेग यांचे तिरप्या उजेडातले फोटो, सोबत मोजपट्टी ठेवून. तेवढं काम उरलंय.