ठरलेला उपदेश आणि झालेला उपदेश

चर्चच्या नियोजन-प्रणालीत वर्षानुवर्षे साठलेल्या उपदेशमालिका शोधून त्यांची सलग यादी तयार करणारे एक सॉफ्टवेअर साधन आम्ही बनवत होतो. प्लॅनिंग सेंटरसारख्या प्रणालीत प्रत्येक उपासनेचा एक आराखडा असतो. त्याला तारीख, शीर्षक आणि मालिकेचे नाव जोडता येते, आणि आराखड्याच्या आत गीते, मथळे, चित्रफिती व इतर बाबी क्रमाने मांडलेल्या असतात. गीताची नोंद गीत म्हणूनच होते, उपदेशाला मात्र तशी स्वतंत्र ओळख नसते. प्रार्थना, सूचना आणि अर्पण यांच्या रांगेत तो एक साधी बाब म्हणून येतो. रविवारची गीते, वादक आणि स्वयंसेवक यांची जुळवाजुळव हे या प्रणालींचे मुख्य काम असल्यामुळे ही रचना मला समजण्यासारखी वाटते. पण संग्रह करणाऱ्याला उपदेश प्रत्येक आराखड्यातून हुडकून काढावा लागतो.

माहिती आणण्याचे तांत्रिक काम त्या मानाने सरळ आहे. एपीआयकडून, म्हणजे प्रणालीतील माहिती दुसऱ्या प्रोग्रामला पुरवणाऱ्या सोयीकडून, नोंदी पानापानाने येतात, काही न सांगितल्यास एका वेळी 25 आणि मागितल्यास जास्तीत जास्त 100. म्हणून पुढच्या पानाचा दुवा शेवटपर्यंत धरून जावे लागते, नाहीतर कोणतीही त्रुटी न दाखवता यादी अर्धवट राहते. स्वयंसेवकांची नावे आणि संपर्क आम्ही मागवतच नव्हतो, कारण उपदेशांच्या यादीला त्यांची गरज नाही.

खरा प्रश्न मालिका कुठे संपली असे मानायचे हा होता. बायबलमधील एकेका पुस्तकावर क्रमाने उपदेश करण्याची परंपरा जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील धर्मसुधारक झ्विंग्लीने 1 जानेवारी 1519 रोजी झ्युरिकमध्ये मत्तयाचे शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून घेतले होते. अशी मालिका नाताळात किंवा पुनरुत्थानाच्या सणात थांबते आणि नंतर पुन्हा सुरू होते. त्याच्यानंतरचा धर्मसुधारक कॅल्विन याची गोष्ट तर याहून विलक्षण आहे: 1538 मध्ये जिनिव्हातून घालवून दिल्यावर तो सप्टेंबर 1541 मध्ये परतला आणि जिथे थांबला होता त्याच वचनापासून पुढे उपदेश करू लागला. तारखांमधील अंतर पाहून मालिका तोडायची नाही, हा नियम मी याच उदाहरणावरून ठरवला होता.

ज्या दिवसाबद्दल मी लिहितो आहे, त्या दिवशी आम्ही एका मंडळीचा जुना संग्रह तपासत होतो. त्यांचे पाळक निवृत्त होत होते आणि मार्ककृत शुभवर्तमानावरील त्यांच्या उपदेशांचे पुस्तक मंडळीला काढायचे होते. संग्रह सांभाळणारे ज्येष्ठ स्वयंसेवक फोनवर होते. त्यांच्यासमोर ध्वनिमुद्रणांची यादी होती आणि माझ्यासमोर साधनाने काढलेली. एकेक तारीख वाचून आम्ही दोन्ही याद्या ताडून पाहत होतो आणि त्या तंतोतंत जुळत होत्या. 15 मार्च 2020 आला आणि ते बोलायचे थांबले.

माझ्या यादीत त्या रविवारी नवव्या अध्यायाचा शेवट होता, 22 आणि 29 मार्चला दहावा अध्याय दोन भागांत होता, आणि 5 एप्रिलला, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, अकराव्या अध्यायातील यरुशलेमेतला प्रवेश होता. पाळकांनी किती आधीपासून हिशोब केला असेल ते त्या चार ओळींतच दिसत होते: दहाव्या अध्यायाच्या शेवटी आंधळ्या बार्तीमयाला दृष्टी मिळते तो प्रसंग आदल्या रविवारी आणि प्रवेशाचा प्रसंग नेमका त्याच्या सणाला. ध्वनिमुद्रणांत मात्र मार्क नव्हताच. 11 मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली होती, मंडळीचे दार बंद झाले होते, आणि पाळकांनी ते चारही रविवार स्तोत्रांवर उपदेश केला होता. पहिला 46व्या स्तोत्रावर. आराखडे बदलायला त्या धावपळीत कोणाला सवड मिळाली नव्हती, आणि मिळायला हवी होती असेही मला वाटत नाही.

मग अकरावा अध्याय गेला कुठे? तो आम्हाला 28 मार्च 2021च्या ध्वनिमुद्रणात सापडला. ऑनलाइन उपासनांसाठी तोवर वेगळा उपासना-प्रकार उघडला गेला होता आणि त्यातील आराखड्यांना मालिकेचे नावच जोडलेले नव्हते, त्यामुळे साधनाला तो उपदेश मार्कच्या मालिकेत धरता आला नव्हता. स्वयंसेवकांनी फोनवरच ते ध्वनिमुद्रण लावले. आपण गेल्या वर्षी यरुशलेमेच्या वाटेवर थांबलो होतो, तिथूनच पुढे जाऊ, अशा अर्थाचे एक वाक्य बोलून पाळकांनी थेट वाचनाला सुरुवात केली होती. मला त्या क्षणी कॅल्विन आठवला, आणि आमचा नियम बरोबर असूनही तो इथे पुरेसा नाही हेही लख्ख दिसले, कारण प्रणालीला माहीत असते ते ठरलेले. झालेले तिला कोणीतरी सांगावे लागते.

यानंतर आमचा थोडा मतभेद झाला. न झालेल्या चार उपदेशांच्या ओळी काढून टाकाव्यात, वाचकाचा गोंधळ होईल, असे स्वयंसेवकांचे म्हणणे होते. मी त्या ठेवण्याच्या बाजूने होतो आणि आजही आहे, कारण पाळकांनी मालिका कशी योजली होती याचा दुसरा पुरावा कुठेच नाही. शेवटी साधनाच्या यादीत आम्ही दोन स्वतंत्र रकाने केले, एक ठरलेल्या उपदेशाचा आणि एक झालेल्या उपदेशाचा, आणि त्यांच्या शेजारी ती माहिती आराखडा, ध्वनिमुद्रण की टिपण यांपैकी कशावरून घेतली याची नोंद. एका रकान्यातील मजकुराने दुसरा आपोआप बदलायचा नाही, हे बंधन प्रोग्राममध्येच घातले. चार स्तोत्रांवरील उपदेशांना मालिकेचे नाव द्यावे का, असे पाळकांना विचारले, तेव्हा ती मालिका नव्हती, असे त्यांनी कळवले. म्हणून ते उपदेश सुटे ठेवले. ज्या आराखड्यांना मालिका जोडलेली नाही त्यांची वेगळी यादी साधन आता सुरुवातीलाच काढते, आणि ती हाताने तपासून झाल्याशिवाय मालिका पूर्ण असल्याचा शेरा देत नाही.