सिस्टर, मग आबांना खासगीत का नेलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, एसटीत, अगदी माझ्या निरोप समारंभातही हाच प्रश्न. "सिस्टर, एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलीत. उपचार सगळ्यांना मोफत मिळाले पाहिजेत म्हणून भांडता. मग स्वतःच्या वडिलांना सोलापूरला खासगीत का नेलंत?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचं समाधान असतं.

आजवर मी एकच उत्तर देत आले: आमच्या ग्रामीण रुग्णालयात अँजिओप्लास्टी होत नाही. खरंच होत नाही. पण ते उत्तर अर्धं आहे.

२०१६ चा मे महिना. रात्री दोनला आबा उठून बसले, बनियन घामाने चिंब. "छातीवर पोतं ठेवल्यागत झालंय," म्हणाले. मी काय ते समजले. पुतण्याने जीप काढली. सोलापूरच्या रस्त्यावरच आमचं रुग्णालय लागतं, घरापासून पाच मिनिटांवर. गेटवरचा दिवा चालू होता. १०८ उभी होती. पुतण्याने गाडी हळू केली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "चल, थांबू नको."

आत ईसीजीचं मशीन होतं. हार्ट अटॅकमध्ये लगेच द्यायची अ‍ॅस्पिरिनची गोळी कुठल्या कप्प्यात आहे हे मी डोळे मिटून सांगितलं असतं, तो कप्पा मीच लावलेला. डॉक्टर हजर होते आणि चांगले होते. ड्यूटीवर मी शिकवलेली मुलगी होती. आबांना सोलापूरला त्यांनीही पाठवलंच असतं, पण गोळी चावायला देऊन, ऑक्सिजन लावून, १०८ मधून. मी त्यांना जीपच्या मागच्या सीटवर नुसती पाठ चोळत पंचेचाळीस किलोमीटर नेलं. शहरात शिरल्यावर सिव्हिलकडेही वळले नाही.

का? रेफरची चिठ्ठी मी हजारोंच्या हातात ठेवली होती. ती आपल्या हातात घ्यायची माझी तयारी नव्हती. आणि त्याहून खरं सांगायचं तर, बापाला सरकारीत ठेवलं म्हणजे लेकीने पैसे वाचवले, असं चारचौघं म्हणतात. त्या चारचौघांना मी भ्याले.

खासगीतल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "अ‍ॅस्पिरिन किती वाजता दिली?" दिली नव्हती. "घरात यातलं कळणारं कुणीच नाही का?" मी गप्प. पुतण्याही गप्प, देव त्याचं भलं करो.

आबा वाचले. हृदयाचं पंपिंग मात्र पस्तीस टक्क्यांवर राहिलं. २०१९ ला गेले. एका गोळीने किती फरक पडला असता, हे मी कुठल्याच डॉक्टरला विचारलं नाही.

आता जे कुणी विचारत नाही तेही सांगते. बिल झालं एक लाख शहाऐंशी हजार. आबा माझ्यावर अवलंबून, म्हणून मी मेडिकल बिल टाकलं. चौदा महिने फाईल फिरली, शेऱ्यांवर शेरे पडले, पण बरेचसे पैसे आले. म्हणजे त्या खासगी खाटेचं भाडंही सरकारनेच भरलं. शेजारच्या खाटेवर बार्शीकडचे एक शेतकरी होते. ते हॉस्पिटल सरकारच्या मोफत उपचारांच्या जीवनदायी योजनेत नव्हतं, मुलाने बैलजोडी विकली. त्याने मला विचारलं, "ताई, तुम्ही काय विकलं?" मी म्हणाले, "बांगड्या गहाण टाकल्या." खोटं नव्हतं. पुढे त्या कुणाच्या पैशाने सोडवल्या, ते त्याला कधी कळलं नाही.

पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच लिहून ठेवलंय. नर्सिंगला असताना आम्ही ते पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. आणि तरी केसपेपरचे पैसे घेणं चालूच राहू द्या, फुकटाला किंमत नसते, लोक गोळ्या नेतात आणि उकिरड्यावर टाकतात, असं मीटिंगमध्ये मीच म्हणायचे. टाकतातही, मी पाहिलंय. मग १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट सगळं मोफत झालं. गर्दी वाढली, माझी चिडचिड वाढली. पण त्या गर्दीत अंगावरून पांढरं जातंय हे दोन-दोन वर्षं कुणाला न सांगितलेल्या बायका होत्या. त्यातली एक म्हणाली, "पैसे मागायचे म्हणजे कशाला ते सांगावं लागतं ना, सिस्टर." इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मोफत झालं म्हणून मिळतंच असं नाही, हे मलाही कळतं. एसटीचं भाडं, बुडालेला रोज, "हे औषध बाहेरून आणा" ही चिठ्ठी, हे कुठे मोफत झालं? त्या चिठ्ठ्या याच हातांनी दिल्यात. तुम्ही म्हणाल, मग आधी दवाखाने सुधारा, मोफतचं नंतर बघू. मीही तसंच म्हणायचे. पण माझ्यासारखे सगळे गेटवरून पुढे निघून गेले, तर सुधारा म्हणून आत ओरडणार कोण? हेही पुन्हा सोयीचंच बोलणं झालं म्हणा. त्या रात्री मी कुठे ओरडायला थांबले होते!

बीपीच्या गोळ्या आता मी तिथूनच घेते, रांगेत उभी राहून. माझ्या छातीत दुखलं तर आधी त्या गेटवर थांब, असं मुलाला सांगून ठेवलंय. त्याच्या फोनमध्ये मात्र नंबर सोलापूरच्या त्याच हॉस्पिटलचा आहे. तो काढून टाक, असं मी अजून म्हटलेलं नाही.