बरणीतलं मीठ

साखर उतरली आणि बीपी चढलं, असा रिपोर्ट घेऊन ते गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.८ वरून ७.३, वजन दोन किलोने कमी. बीपी मात्र १५४/९६. गोळी वाढवण्याआधी आहारतज्ज्ञांना भेटून या, म्हणून डॉक्टरांनी धाडलेलं.

नेहमीची चौकशी केली. वरून मीठ? पाकिटातलं खारं?

"सगळं बंद आहे, मॅडम. आणि तुम्ही सांगितलेला कोबी एक दिवस चुकवलेला नाही."

तुम्ही सांगितलेला! तीन महिन्यांपूर्वी मीच म्हटलं होतं, आंबवलेल्या भाज्या खात जा. किती, ते मी सांगितलं नव्हतं.

बरणी ते कौतुकाने सोबत घेऊनच आले होते. झाकण सैल करताच फुस्स आवाज झाला. बारीक चिरलेला कोबी, गाजराचे काप, किंचित गढूळ पाणी, स्वच्छ आंबट वास. काम नेटकं होतं: एक किलो भाजीला २५ ग्रॅम मीठ, तेही तोलून. प्रमाणात चूक नव्हती. मीठ कमी पडलं तर लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंचा जम बसायच्या आत नको ते जिवाणू माजतात.

"रोज किती खाता?"

"दोन वाट्या. खालचं पाणीही पिऊन टाकतो. चांगले जंतू त्यातच असतात ना?"

मी वजनकाटा काढला. पाण्यासकट एक वाटी भरली ११० ग्रॅम. म्हणजे दोन वाट्यांत जवळजवळ साडेपाच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते.

त्यांचा चेहरा पडला. "मग साखर कशाने उतरली?"

खोदून विचारल्यावर कळलं, जेवणात आंबट असलं की दुसऱ्यांदा वाढून घ्यावंसं वाटत नाही, रात्रीचं गोड सुटलंय, शिवाय चालणं सुरू झालंय. यात कोबीचा वाटा किती, कोण सांगणार? माझा उत्साह आला होता स्टॅनफर्डच्या २०२१ च्या अभ्यासातून. १० आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं, दाहाशी निगडित १९ प्रथिनं रक्तात घटली. पण तंतुमय आहाराचा दुसरा गट धरूनही माणसं होती ३६, तीही निरोगी, आणि खाण्यात दही आणि केफिर हे आंबवलेल्या दुधाचं पेयही होतं. समोर बसलेला माणूस मधुमेही, वर बीपीवाला. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

नवं ठरलं ते असं: दिवसाला दोन मोठे चमचे, निथळून. पाणी प्यायचं नाही. बाकीचा कोबी ताजा. डॉक्टरांना चिठ्ठीत मिठाचा हिशेब लिहून दिला. गोळीचं ते बघतील.

उठता उठता ते थबकले. "घरी अजून चार बरण्या आहेत हो."

"फ्रिजमध्ये ठेवा. महिनोन्महिने टिकतात."